खिळ्यावरची चावी

त्या दिवशी आईची खसखस करपली.

मसाल्याचा हंगाम ऐन भरात होता. एप्रिल-मेमध्ये आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पलंगावर बेडगी मिरच्या, पत्र्यावर धणे, दाराशी सुपात दगडफूल आणि त्रिफळं. आई सगळं एकेक करून लोखंडी कढईत भाजते, बाबा देठं खुडतात, मी कॉलेजच्या ग्रंथालयातून सुटून आले की निवडायला बसते. घाटकोपरच्या या टेकडीवर सगळी वाडी सिंधुदुर्गातली, आणि अर्ध्या वाडीचा वर्षाचा मसाला आईच्या हातचा.

सकाळी नळाला पाणी आलं म्हणून आई कढई बाबांवर सोपवून बाहेर गेली. बाबा चुलीपासून हातभर अंतरावर लोखंडी खुर्चीत बसून खिडकीतून गल्लीकडे बघत होते. मी मोरीत तोंड धूत होते. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला, बाहेर आईपर्यंत गेला. ती हंडा तसाच टाकून धावत आली.

"अहो, तुमचां नाक खंय गेलां? कढई समोर आसा!"

बाबांनी चमकून कढईकडे पाहिलं. खसखस काळी पडली होती.

"नाक जाग्यावर आसा," ते म्हणाले. "लक्ष नाय होतां."

आईने कढई उतरवली आणि पुढे काहीच बोलली नाही. एरवी तिने तासभर ऐकवलं असतं. मला ते नवल वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

मग खिडकीशी नितेश आला. रोजच्यासारखा. नितेश खालच्या चाळीतला, शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. पवईच्या ऑफिसांना पाण्याचे जार पोचवणारा त्याचा स्वतःचा टेम्पो होता. गज धरून तो वाकला.

"बघा काका."

आणि त्याने तोंड उघडून श्वास सोडला. हाऽऽ.

बाबांनी मान पुढे केली, डोळे मिटले, नाकाने खोल श्वास घेतला. गुरव देवाच्या पाषाणाला फूल लावताना जसा गंभीर होतो तसे ते त्या क्षणी व्हायचे. मग देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावरची चावी काढून त्यांनी गजांतून बाहेर दिली.

"जा. गाडी सावकाश हाक."

ही रीत बाबांनीच घालून दिली होती. नितेश दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडला तेव्हा टेम्पो पवईत दुभाजकावर चढला होता. दंड भरून सुटला. दुसऱ्यांदा त्याने एका फुलवालीचा पाय मोडला. लायसन काही महिने बंद झालं, त्या काळातही तो टेम्पो चालवतच होता. मग वाडी जमली. वाडीच्या वर रवळनाथाची घुमटी आहे, तिथे बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर उभं राहून मोठ्याने मागणं. एकजण मागतो आणि प्रत्येक वाक्याला सगळी वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणते. सगळ्या घरांचा होकार आला तरच ते देवाला पोचतं, असं बाबा सांगत.

त्या गाऱ्हाण्यात ठरलं की टेम्पोची चावी काशीरामाच्या, म्हणजे बाबांच्या, घरी राहील. नितेशने संध्याकाळी आणून लावायची, सकाळी तोंडाचा वास देऊन न्यायची. दुसरी चावी वाडीतल्या दशरथकाकांनी सगळ्यांसमोर नाल्यात फेकली. मीही त्या दिवशी 'व्हय म्हाराजा' म्हटलं होतं. लहानपणापासून म्हणत आले होते, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. पुढे शेजारच्या वाड्यांतली माणसंही ही रीत बघायला येऊन गेली. पोलिसांना जमलं नाही ते काशीरामाने केलं, असं बोललं जायचं. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी उरलेली वर्षं एका कंपनीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून काढली होती. तिथे कोणी त्यांचं नाव विचारलं नव्हतं. या खिडकीत ते कोणीतरी होते.

संध्याकाळी बाबा डंकावर गेले. सकाळी कुटायला दिलेला मसाला आणायचा होता.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू हयसर बस. तुझ्या अंगार पडलो तर न्हाऊन न्हाऊन दमशीत," म्हणून त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. डबा खांद्यावर घेताना त्यांना पंचा लागायचा.

आई शेजारी हळद पोचवायला गेली होती. उजेड अजून होता. मी सुपं आवरत होते तेव्हा खालून टेम्पो चढल्याचा आवाज आला. रिकामे जार एकमेकांवर आपटत होते, ढम् ढम्, पोकळ. रोज तो आवाज पायऱ्यांपाशी, उंबराच्या झाडाखाली येऊन थांबायचा आणि मग पायऱ्यांवर चपला वाजायच्या. त्या दिवशीही तसंच झालं. चपला मात्र सावकाश येत होत्या, मधेच थांबत होत्या.

नितेश दारात आला. चौकट धरून उभा राहिला, आत आला, चावी खिळ्याला लावायला गेला. पहिल्यांदा खिळा चुकला. मग लागली.

"काका नाहीत?"

"डंकावर गेलेत."

"हां," तो म्हणाला. "येतील."

त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता, लपण्यासारखा नव्हता. पण त्याच्या मागून, त्याच्या कपड्यांना, दुसरा एक वास होता. बेडगी, त्रिफळ, जायपत्री. आणि तळाशी किंचित करपलेली खसखस. टाकवली नाही म्हणून आईने त्यातलीच बरी बरी वेचून मसाल्यात घातली होती. मुंबईत हजार घरी मसाला होत असेल, पण त्या दिवशी तो वास एकाच डब्याला होता.

तो पायऱ्या उतरून गेला. मी दारात आले. उंबराखाली टेम्पो उभा होता आणि त्याच्या मागच्या चाकांपासून उतारावर दोन लाल रेघा गेल्या होत्या. खाली जाताना त्या गडद होत होत्या. मी त्यांच्या मधून चालत गेले. धावले नाही. का धावले नाही ते मला सांगता येत नाही.

वळणावर माणसं गोल करून उभी होती आणि सगळी खोकत होती. तोंडावर रुमाल, डोळ्यांतून पाणी. मिरचीमुळे कोणाला जवळ जाता येत नव्हतं. मला ठसका लागला नाही. मी या वासात वाढले आहे. बाबा कुशीवर होते, पंचा अजून खांद्यावर होता, आणि सगळं अंग लाल असल्यामुळे रक्त कुठलं ते कळत नव्हतं.

नितेशला पोलिसांनी घरातून उचललं तेव्हा तो झोपला होता. कोणाला तरी उडवलं हे त्याला ठाणेअंमलदाराने सांगितलं, कोणाला ते त्याच्या बायकोने, अक्षताने सांगितलं. चावी पोलीस घेऊन गेले. खिळा तेवढा राहिला.

बाराव्यानंतर आईने पुन्हा कढई चढवली. ज्यांचा मसाला रस्त्यावर सांडला त्यांना तो द्यायचाच होता. कोणी मागितला नव्हता. मी म्हटलं, "आई, यंदा राहू दे." ती म्हणाली, "पावस काय माझ्यासाठी थांबतलो?" आम्ही दोघी भाजत राहिलो, बाबांच्या वाटणीची देठंही खुडत राहिलो. बोटं जळजळायची. रात्री खोबरेल लावलं तरी हात झोपू द्यायचे नाहीत. गल्लीतून येणारी-जाणारी माणसं आमच्या खिडकीशी आली की आवाज खाली करायची.

उतारावरचा रस्ता अग्निशमनवाल्यांनी धुतला होता. तरी दुपारी डांबर तापलं की वळणावर तो वास यायचा. तिथून जाणारी रिक्षावाली माणसं शिंकायची आणि इकडेतिकडे बघायची.

टेम्पो चावीसकट कोर्टातून सुटून आला आणि क्रेनने उंबराखाली आणून ठेवला. एक दिवा फुटलेला. जार आतच होते. वारा नसतानाही पहाटे ते मधूनच वाजायचे. आई म्हणायची, "उंदीर असतील." मी कधी जाऊन पाहिलं नाही.

पावसाळ्याआधी नितेश जामिनावर सुटला. मला ते वर्तमानपत्रातून नाही, खिडकीतून कळलं.

पहाटे जाग आली ती आवाजाने. हाऽऽ.

मला वाटलं स्वप्न आहे. मग पुन्हा. हाऽऽ. खिडकीची काच लावलेली होती आणि त्या काचेवर बाहेरून वाफेचा एक गोल उमटला होता, हळूहळू आक्रसत होता. आई उठली. दिवा न लावता खिडकीशी गेली, काच सरकवली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. मान पुढे केली. डोळे मिटले असावेत, मला पाठमोरी दिसत होती. खोल श्वास घेतल्याचा आवाज आला.

"जा," आई म्हणाली. "गाडी सावकाश हाक."

शब्द बाबांचे होते. आवाजही तिने तिचा लावला नव्हता.

बाहेर चपला पायऱ्या उतरत गेल्या. आई परत येऊन पडली. खिळ्यावर चावी होती. ती कधी आली, कोणी लावली, मी विचारलं नाही. सकाळी आईनेच सांगितलं, "काल तू कॉलेजात असताना इलो. म्हणालो, काकी, ही हयसरच रवांदे."

"आणि तू लावून घेतलीस?"

"ह्येंचो खिळो आसा. मी कोण?"

रोज हेच चाललं. तो यायचा, श्वास द्यायचा, आई 'जा' म्हणायची, चावी मात्र देत नव्हती आणि तोही मागत नव्हता. मी कूस वळवून ऐकत पडायची. एकदा, काच सरकली तशी हवेबरोबर तो वास माझ्या अंथरुणापर्यंत आला. दारूचा. आई म्हणाली, "जा."

तो गेल्यावर मी उठून बसले. "आई, तो पिऊन आला होता."

"होय."

"तुला कळलं?"

"माका नाक आसा."

"मग जा का म्हणालीस?"

आईने अंथरूण सारखं केलं. मग अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "ह्यांनी काय म्हटला असता? जा म्हटला असता. त्येंका वास येय नाय होतो गो. करोनापासून. काहीच येय नाय होतो, ना फुलाचो, ना माशाचो. माका म्हणाले, ह्या भायर जाऊक नको. वाडी हसात."

मला काळी पडलेली खसखस आठवली, आणि त्या दिवशीचं आईचं गप्प होणं.

"म्हणजे ते रोज..."

"डोळ्यांकडे बघून वळखतंय म्हणायचे. माणूस वळखूक नाक कशाक, म्हणायचे." ती माझ्याकडे वळली. "तू कोणाकडे बोलायचं नाय. माझी शपथ. मेल्या माणसाची लाज आता आपल्या हातात आसा."

दुसऱ्या दिवशी पहाटे आईआधी मी उठले आणि दार उघडून बाहेर गेले. नितेश खिडकीशी वाकून उभा होता, तोंड उघडं. मला बघून त्याने ते मिटलं. वाळला होता. दाढी वाढली होती.

"का येतोस रे तू?"

"जमत नाही," तो म्हणाला. "दुसरीकडे जायलाच जमत नाही. उठलो की पाय इथे येतात."

"पिऊन पण येतोस."

"कधी कधी." त्याने गज सोडला नाही. "अपू, काकांना वास येत नव्हता. तुला ठाऊक होतं?"

 मी खिडकीकडे पाहिलं, आई उठली आहे का म्हणून.

"मला लवकरच कळलं. एकदा सकाळीच मारून आलो होतो, म्हटलं आज सापडलो, वाट लागली. काकांनी वास घेतला आणि काय म्हणाले माहितीय? 'तुझा तोंड दुधासारख्या आसा.'" तो हसायला गेला, जमलं नाही. "आईशप्पथ सांगतो, त्यानंतर रोज वाटायचं आज तरी पकडतील. रोज जोरात श्वास सोडायचो. काका चावी द्यायचे."

"तू सांगायचंस मग कुणाला तरी."

"काय सांगायचं? मी पितो, मला चावी देऊ नका?" तो म्हणाला. "असं कोण सांगतं यार."

आतून काच सरकली. आईचा चेहरा नाही, नुसती मान पुढे आली. नितेश माझ्याकडे बघतच वळला आणि वाकला. हाऽऽ.

"जा," आत कोणीतरी म्हणालं.

त्याच आठवड्यात दशरथकाका आले. बाबांच्या मागे वाडीचं मानपान त्यांच्याकडे आलं होतं. आईने चहा दिला. ते बाबांच्या खुर्चीत बसले नाहीत, पलंगाच्या कडेला टेकले.

"वहिनी, रविवारी गाऱ्हाणं ठेवलंय. नितेशाचा. झाला ता झाला. त्येची दोन पोरां उपाशी बसली हत. गाडी दारात कुजता."

"केस चालू आहे, काका," मी म्हटलं.

"कोर्ट कोर्टाच्या गतीन चलतला गो बाय. निकाल लागासर त्येची पोरां म्हातारी होतली."

"लायसन पोलिसांकडे आहे."

"मागच्या टायमाक खंय होतां? चलवलीच मा?" हे त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं होतं. "आपलो माणूस आपणच निस्तरूक होयो. जेलात घातलो तर शिकान भायर येतलो काय? तेच्यापेक्षा तुझ्या बापाशीची रीत बरी. चावी हयसरच रवात. वास आता तू घेवचो. तुझा नाक तरणां आसा." मग खिळ्याकडे पाहून त्यांनी हात जोडले. "काशीरामाच्या नाकासारख्या नाक पुन्हा होवचा नाय. त्या एका दिवशी संध्याकाळी घात झालो, नायतर सकाळी कधी चुकलो नाय माणूस."

आईने पदर तोंडाला लावला. माझ्याकडे एकदाच पाहिलं.

"तुमच्या घराचो होकार पयलो होयो," दशरथकाका उठताना म्हणाले. "ज्याच्या घरचो माणूस गेलो, त्येचो आवाज नसलो तर देव ऐकणा नाय."

रविवारपर्यंत मी मिरच्या निवडत राहिले. मनात वाक्यं तयार होत होती आणि मोडत होती. मी न्यायावरची पुस्तकं वाचली आहेत, शिक्षेवरचीही. ग्रंथालयात ती माझ्याच हातून कपाटात जातात. त्यातलं काहीही या खिळ्यापुढे टिकत नव्हतं. 'व्हय' म्हटलं तर रोज पहाटे ते तोंड माझ्यासमोर उघडणार, आणि बाबांची लाज राहणार. 'नाय' म्हटलं तर लोक कारण विचारणार.

अक्षता शनिवारी नळावर भेटली. माझा हंडा लावून देताना ती मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्ही हो म्हणणार ना?"

"तुला काय वाटतं?"

पाणी भरून वाहायला लागलं. "गाडी इथे उभी आहे तोवर मी झोपते," ती म्हणाली आणि हंडा उचलून गेली.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. हवा इतकी थांबलेली की घुमटीतली समई हलत नव्हती. पुरुष पुढे, बायका मागे, जागा नव्हती ते पायऱ्यांवर. नितेश मधोमध, न्हाऊन, धुतलेल्या शर्टात. देवापुढे पाटावर नारळ आणि त्याच्याशेजारी चावी. ती खिळ्यावरून काढून आईनेच आणली होती. मी आईच्या शेजारी उभी राहिले. तिने माझं मनगट धरलं.

दशरथकाकांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, त्येंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टेकडीवर तो आवाज नेहमीसारखा फिरून आला.

"आमचो काशीराम तुझ्या पायाकडे इलो, त्येका ठाव दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हे मीही म्हटलं.

"ह्या लेकराचा जा काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी गप्प राहिले. कोणाला कळलं नाही. आईला कळलं, तिची बोटं आवळली.

"त्येची गाडी त्येका परत चलवूक गावांदे, त्येच्या पोरांच्या तोंडात घास पडांदे रे म्हाराजा!" आणि दशरथकाकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. वाडी थांबली. आमचा होकार पहिला यायचा होता.

खाली उंबराखाली जार वाजले. ढम्. एकदाच.

"नाय म्हाराजा," मी म्हटलं.

आवाज बारीक निघाला, पण त्या थांबलेल्या हवेत तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला असावा. कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"बाय, चुकलंस," दशरथकाका हळूच म्हणाले. "व्हय म्हणूचा असता."

"चुकले नाही." मी मनगट सोडवून घेतलं आणि पुरुषांमधून पुढे गेले. माणसं बाजूला झाली. नितेशच्या जवळून जाताना धुतलेल्या शर्टाला साबणाचा वास आला, आणि त्याच्या आत दुसरा. मी पाटावरची चावी उचलली आणि देवाकडे तोंड करून हात जोडले. बाबांना ऐकून ऐकून ती चाल मला येत होती. आजवर कधी तोंडातून काढली नव्हती.

"बा देवा म्हाराजा, माझ्या बाबांना वास येत नव्हता रे म्हाराजा."

कोणी 'व्हय' म्हटलं नाही. मागे आईचा एक हुंदका आला आणि थांबला.

"करोनापासून येत नव्हता. तरी ते रोज चावी देत होते. वाडीत मान राहावा म्हणून देत होते रे म्हाराजा. आणि ते ह्याला माहीत होतं."

आता जे शांत झालं ते मी त्या टेकडीवर कधी ऐकलं नव्हतं. नळ नाही, टीव्ही नाही. आणि त्या शांततेत माझ्या उजव्या खांद्यामागून, मान खाली घालून, सवयीने यावा तसा एकट्याचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

नितेशचा.

 मी चावी मुठीत घट्ट धरली. तिच्या दात्यांत अजून लाल काहीतरी बसलेलं होतं, मिरचीचं असावं, कारण तळहात जळायला लागला.

"ही चावी मी खाली पोलिसांकडे नेते आहे, आणि इथे बोलले ते सगळं तिथेही बोलणार आहे रे म्हाराजा. त्याच्या पोरांना घास दे. त्याला दुसरं काम दे. त्याची दारू सुटू दे. पण त्याला पुन्हा गाडी देऊ नको रे म्हाराजा. तो सुधारला तरी देऊ नको."